मुळापासून सांगणारे चेअरमन

“मुळापासून सांगतो,” असं म्हणत आमचे चेअरमन धोतराचा सोगा सावरून उभे राहिले, की सभेतले जाणते लोक टेकायला भिंत गाठायचे. नेकनूरजवळच्या आमच्या गावच्या सोसायटीचे ते कित्येक वर्षं चेअरमन होते आणि मी तिथला कारकून. विषय खताचा असो की बियाण्याचा, चेअरमन देशाच्या इतिहासाला दगडी हत्यारांपासून हात घालत. माझ्या प्रोसिडिंग बुकात हडप्पा आहे, सातवाहन आहेत, खत मात्र शेवटच्या दोन ओळींत. माझी बस चुकायची ती वेगळीच. लई राग यायचा मला, बरं का!

दुष्काळात टँकर मागून मागून आम्ही थकलो. अखेर एक साहेब आले, पण त्यांच्या कागदावर आमची विहीर भरलेली होती. टँकर नामंजूर करून ते निघणार, तोच आम्ही त्यांना फेटा बांधला. फेटा बांधलेला पाहुणा चेअरमनचं भाषण ऐकल्याशिवाय उठत नाही, ही आमच्याकडची रीत.

“साहेब, पहिला माणूस गोदाकाठी आला. कावून? पाण्यासाठी!”

भर दुपार, वर तापलेले पत्रे. हडप्पावाल्यांनी विहिरी बांधल्या, सातवाहन आले, यादव आले. साहेबांच्या फेट्याखालून घामाच्या धारा लागल्या. मला हसू आवरेना. निजामापाशी साहेब काकुळतीला आले.

“अहो, जरा पाणी द्या.”

“तुमच्या कागदावर विहीर भरलेली हाय की! चला, ताजं शेंदून देतो.”

पुढं बादली आणि दोर घेतलेले चेअरमन, मधे फेटेवाले साहेब, मागं अख्खं गाव, अशी वरात विहिरीवर गेली. बादली खडखडत तळाला लागली. वर आला मूठभर गाळ. साहेब वाकून बघतच राहिले.

“स्वातंत्र्याचं सांगायचं राह्यलं, साहेब...”

“नको, नको!” म्हणत साहेबांनी विहिरीच्या काठावरच टँकर मंजूर केला. आम्ही पोट धरून हसलो.

चेअरमन जाऊन आता बरीच वर्षं झाली. सभा दहा मिनिटांत आटोपते, बस मिळते, आणि मला ते मुळीच आवडत नाही. त्यांची आठवण निघाली की टँकर आला तो दिवस डोळ्यांपुढं येतो. बाया घागरी घेऊन धावल्या. “चेअरमन, दोन शब्द बोला!” गाव ओरडलं. ते टँकरवर चढले. खाली भरत चाललेल्या घागरींकडं बघत राहिले.

“भरा, बायांनो,” एवढंच म्हणाले, आणि साऱ्या गावादेखत घळाघळा रडले.