विहिरीवरचं भाषण

बाबा दुपारच्या जेवणाला आले नाहीत, तेव्हा आईने वरण दुसऱ्यांदा गरम केलं, आणि तिसऱ्यांदा गरम करायच्या ऐवजी ती रडायला बसली.

लांबच्या वाचकांना हे जरा जास्तच वाटेल. पण आमच्या यवतमाळकडची ती वर्षंच तशी होती. कापसाचं सगळं बिनसलेलं, पेपर उघडायची भीती, आणि कुठल्याही घरचा माणूस तासभर उशिरा आला की त्या घरातल्या बाया एकमेकींकडे न बघता भांडी घासायला लागायच्या. बाबांचं तर शेतही नव्हतं. घाटंजीत बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं विहिरीच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. पण सगळं गिऱ्हाईक शेतकऱ्यांचं, आणि त्यातल्या एकाच्या तेरवीला जाऊन आल्यापासून बाबा गप्प गप्प होते. रात्री अर्धीच भाकरी खायचे, उरलेली दारातल्या कुत्र्यांना.

कुत्र्यांना भाकरी घालणं नवं नव्हतं. जनावर समोर आलं की बाबांना माणसं दिसेनाशी होत. कुणाच्या शेतात मोटर बघायला गेले, की आधी बैलाच्या खांद्यावरची जखम धुवायचे, मग मालकाला रामराम. दुकानात एका खोक्यात पंख मोडलेला कावळा ठेवला होता. तो बरा झाला, पण जाईना. उलट गिऱ्हाइकांच्या मोटरींचे नट पळवायला लागला. (बाबा ते नट स्वतःच्या डब्यातून भरून द्यायचे आणि कावळ्याला एका शब्दाने बोलायचे नाहीत. आम्हाला बोलायचे.) पण कुत्र्यांना वेगळी भाकरी असायची. स्वतःच्या ताटातली अर्धी द्यायची म्हणजे आईच्या मते लक्षण बरं नव्हतं.

आई आणि मी दुकानात गेलो. दुकान बंद, फोन शेजारच्या सलीमभाईंकडे चार्जिंगला लावलेला. सलीमभाई मोटरसायकलींचे मेकॅनिक, बाबांचे जुने दोस्त. ते म्हणाले, सकाळीच याच रस्त्यावरच्या पुढच्या एका शेतात मोटर पाहायला गेलते, अजून आले नाहीत. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते आईला धीर द्यायला गेले.

"टेन्शन नका घेऊ भाभी. सकाळी जरासे उदास होते, बस."

आईचा चेहरा बघून त्यांनाच घाम फुटला. त्यांनी हातातला पाना टाकला, गाडी काढली आणि आम्हा दोघींना मागे बसवून निघाले.  वाटेत मी मनातल्या मनात देवाला नाही नाही ते कबूल केलं. त्यात वर्षभर गोड न खाणं होतं, आणि कावळ्याला दादा म्हणणंही होतं.

शेतात पोचलो. बांधावरच्या कडुनिंबाखाली बाबांची लुना उभी होती. पुढे विहीर. विहिरीच्या काठावर चपला, एकीला एक लावून ठेवलेल्या. शेजारी घडी घातलेला शर्ट, आणि शर्टावर चष्मा.

आई तिथेच मटकन खाली बसली.

खरं म्हणजे तिथून विहीर वीस पावलांवर होती. कुणीही जाऊन आत डोकावलं असतं की झालं. पण पाय उचलेना. सलीमभाई एरवी नाग शेपटीला धरून पोत्यात टाकणारा माणूस. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तू पाह्य बेटा." मी म्हटलं, तुम्ही मोठे आहात. ते म्हणाले, तू घरची आहेस. असा आमचा एकमेकांना मान देण्याचा कार्यक्रम चालू असताना आजूबाजूच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया ओटीतल्या कापसासकट धावत आल्या. त्याही लांबच थांबल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्या गड्याने सांगितलं की पोलीस पाटील आल्याशिवाय विहिरीत डोकावता येत नाही, तसा कायदाच आहे. असा कायदा नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तो ऐकून फार बरं वाटलं.

मग मी रडायला लागले. मी कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धांना जायची, त्यामुळे माझ्या रडण्यालाही हळूहळू प्रस्तावना, मुद्दे आणि उदाहरणं आली. या माणसाने उभ्या जन्मात एक दिवस सुट्टी घेतली नाही, असं मी म्हटलं. पोळ्याला स्वतःला नवा शर्ट घेतला नाही, पण दुसऱ्यांच्या बैलांना झुली शिवल्या. पुरात अडकलेली गाढवी खांद्यावर घेऊन नाला ओलांडला. आणि माझ्या बाबांनी आयुष्यात आवाज चढवला नाही.

"चढवत होते," आई हुंदके देत म्हणाली, "पण मनात काही नसे."

बाया पदराने डोळे पुसत होत्या. एकजण तर पुढचं ऐकू यावं म्हणून दुसरीला गप्प करत होती. गर्दी वाढली तशी मी उभी राहिले. (हे मला आजही सांगायला लाज वाटते. उभं राहायची काहीच गरज नव्हती.) मी शेवटाकडे आले, श्वास घ्यायला थांबले, आणि त्या शांततेत विहिरीतून घोगरा, बोबडा आवाज आला.

"दोर टाका बाप्पा."

बाया किंचाळत कापसात पळाल्या. म्हातारा गडी पळाला. सगळ्यांच्या पुढे मी होते.

एकटी आई पळाली नाही. ती उठली, सरळ काठाशी गेली आणि आत वाकली. खाली कंबरभर पाण्यात, एका कपारीला धरून बाबा उभे होते.

"तिथं कायले जाऊन बसले जी?" आई म्हणाली.

आम्ही बाकीचे एकेक करत परत काठाशी आलो, तेव्हा बाबांनी खालून सांगितलं ते असं. ते मोटर बघायला आले तेव्हा पार्बताबाई नावाच्या म्हातारीचं करडू विहिरीत पडलं होतं. तिच्याकडे दोर होता. बाबा शर्ट काढून त्याच दोराने खाली उतरले, करडाला दोर बांधला आणि म्हातारीला ओढायला सांगितलं. करडू वर गेलं आणि दोरासकट उधळलं. त्याच्यामागे पार्बताबाई. तेव्हापासून बाबा आतच. ओरडून ओरडून आवाज बसला, आणि तोंड तर आधीच उघडत नव्हतं.

"काहून उघडत नव्हतं?" आईने विचारलं.

"दाढ ठणकून राह्यली. आठ दिवस झाले."

अर्धी भाकरी त्यामुळे. गप्प राहणं त्यामुळे. उदास चेहरा त्यामुळे. सांगितलं असतं तर दाढ काढावी लागली असती, म्हणून सांगितलं नाही.

आता दोर हवा होता. लुनाला बांधलेली सुतळी कामाची नव्हती. तेवढ्यात बांधावरून पार्बताबाई आली. काखेत करडू, करडाच्या गळ्यात दोर, मागे तो सगळा फरफटत आलेला. विहिरीपाशी माणसं आणि रडून लाल झालेले डोळे बघून तिने लांबूनच कपाळावर हात मारून घेतला आणि गळा काढला.

"कोण गेलं वं माय?"

तिला समजावून दोर सोडवून घेईपर्यंत बराच वेळ गेला. बाबा वर येऊन गेले असतील, असंच तिला वाटलं होतं. सलीमभाई आणि चार बायांनी मिळून बाबांना वर ओढलं. गाल सुजून टम्म झालेला, अंग थंडीने कापत होतं. वर येताच त्यांनी आधी करडाचे पाय चाचपून पाहिले. मग माझ्याकडे वळले.

"चांगली बोलली," ते म्हणाले. "पण गाढवी सलीमनं आणलीवती. मी नुसती शेपूट धरलीवती."

सलीमभाईंना इतका वेळ हे सांगायचं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

तिथून आम्ही त्यांना तसंच दातांच्या डॉक्टरकडे नेलं. परक्याच्या करडासाठी विहिरीत उतरणारा माणूस त्या खुर्चीत माझं मनगट धरून थरथरत होता. आई बाहेर बाकावर बसून रडत होती. दाढ निघाल्यावर मी बाहेर येऊन तिला म्हटलं, झालं ना आता, रडतेस कशाला. ती म्हणाली, मघाशी नीट रडताच आलं नव्हतं, तुझं भाषण चालू होतं.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं जगले आणि म्हातारे होऊन, स्वतःच्या खाटेवर, पायाशी कुत्रं घेऊन गेले. तेराव्याला लोकांनी मला बोलायला उभं केलं. मी उभी राहिले. समोर एवढी माणसं होती, आणि मला एक वाक्य सुचेना. शेवटी नमस्कार करून बसले.

जाताना एक म्हातारी माझ्याजवळ आली. त्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बायांतली होती. तिने मायेने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"जाऊ दे बाई," ती म्हणाली. "पण तवा विहिरीवर लय चांगली बोललीवती. आज तशी मजा नाही आली."