वस्ताद आणि मेलेली बेरिंगं

"मेलं हाय ते. मेलेल्याले आंघोळ घालून काय जित्तं होते काय?"

पडवीत बसून मी हे ऐकलं आणि पाठोपाठ घणाचा आवाज. बाहेर लाकडं चिरायच्या आरा मशीनपाशी ते चालवणारे वस्ताद एक जुनं बेरिंग लोखंडी ठोकळ्यावर ठेवून फोडत होते. पहिल्या घावाला कडं तडकलं, दुसऱ्याला छर्रे उडाले. मशीनचे मालक, म्हणजे माझे काका, मागे सरकत ओरडले, "अबे, घासलेटात धुतलं असतं तं कामी आलं असतं ना!" वस्तादांनी आणखी एक घाव घातला. आता ते धुण्यासारखंही राहिलं नव्हतं.

मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात असे आणि सुट्टीत मंगरूळपीरजवळ काकांच्या मळ्यात येई. शाळेत इंग्रजी चुकेल आणि इथे वऱ्हाडी चुकेल, या धास्तीने मी दोन्हीकडे गप्प राही. वस्तादांना त्याचं काही वाटत नसे. "बोलू नोको, बाई. पाह्य फक्त," असं म्हणून ते कामाला लागत.

एरवी वस्ताद ते मशीन ट्रॅक्टरमागे जोडून गावोगाव नेत; उन्हाळ्यात ते मळ्यातच उभं असे. डिझेल इंजिनावर दातेरी पोलादी पट्टा गरगर फिरे आणि बाभळीचे ओंडके चिरत जाई. पट्ट्याने लाकडात वाकडं जाऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना आणि पाठीशी छोटी बेरिंगं बसवलेली असत. पट्टा रिकामा फिरताना पाठीमागचं बेरिंग त्याला टेकता कामा नये. लाकडाचा जोर आला की मात्र त्याने पट्ट्याची पाठ सांभाळायची. मधली फट वस्ताद पोस्टकार्डाने बघत. कार्ड अडलं तरी शिवी, सैल गेलं तरी शिवी.

नवं बेरिंग ते कानाशी धरून बोटाने फिरवत. त्या वेळी कुणी खोकलेलंही त्यांना खपत नसे. एकदा एका गाडीवानाने चहाचा भुरका मारला, तर वस्तादांनी त्याच्या हातातली कपबशी लाथेने उडवली आणि पुन्हा कान लावला.

मारायला ते मागेपुढे पाहत नसत. ओंडके सरकवणारा किसना एकदा फिरत्या पट्ट्याजवळची ढलपी काढायला वाकला. वस्तादांनी त्याला मानेला धरून मागे फेकलं आणि अशी कानफटात मारली की त्याच्या ओठातून रक्त आलं. किसना रडू लागला. वस्ताद त्याच्यापुढे उकिडवे बसले. "बोटं मोज. मोज ना बे! सारे हायेत ना? मंग रडून काहून राह्यला?" मग स्वतःच्या डब्यातली भाकर त्याच्यापुढे सरकवली आणि तो खाईपर्यंत इंजिन बंद ठेवलं.

बेरिंग फोडण्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. भुसा शिरला, बाभळीचा चीक शिरला की बेरिंग आतून झिजतं, खरखरतं. धुऊन नवं ग्रीस भरलं की ती खरखर दबते. "आवाज मरते, बाई. रोग नाही मरत." रिसोडकडे त्यांचा मोठा भाऊ अशाच धुतलेल्या बेरिंगावर काम करत होता. बेरिंग जाम झालं, पट्टा घासून लाल झाला आणि तुटून बाहेर आला. "भावाले घरी आणलं तं दोन जागी उचलून आणलं." एवढं बोलून ते पान्याने नट आवळू लागले. नट केव्हाच आवळून झाला होता.

त्या उन्हाळ्यात पाठीमागचं बेरिंग पुन्हा खरखरू लागलं. वस्तादांनी ते काढलं, फोडलं आणि नवं आणायला सकाळच्या पहिल्या एसटीने वाशिमला गेले. जाताना काकांना बजावलं, "मी येईपर्यंत इंजिनाले हात नोका लावू." पण मळ्याबाहेर ओंडक्यांच्या बैलगाड्या लागायला लागल्या होत्या. काकांनी कपाटामागून एक जुनं बेरिंग काढलं. वस्तादांच्या घणातून कधीतरी वाचवून ठेवलेलं. ते घासलेटात धुतलं, ग्रीस थापलं आणि मशीनला बसवलं. मशीनवरची माणसं अजून आली नव्हती, गाडीवान मळ्याबाहेरच होते. मी पडवीत होते. काकांनी ते बोटाने फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसले. आवाज येत नव्हता.

दुपारी वस्ताद रस्त्याला उतरले, तेव्हा इंजिन चालू होतं. ते तिथूनच ओरडत धावत आले. "बंद करा! बंद करा बे!" पट्ट्याच्या पाठीतून ठिणग्या उडत होत्या. मग फाटकन आवाज झाला आणि पट्टा सापासारखा बाहेर झेपावला. किसनाचा दंड हाडापर्यंत उघडला. भुसा लाल झाला.

वस्तादांनी डोक्याचा पटका सोडून जखमेत कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. किसनाच्या गावची माणसं गाड्यांवरून उड्या टाकून आली. "कोनं बसवलं ते बेरिंग?" काका म्हणाले, "कोनं म्हंजे? वस्तादानं. जायच्या आंधी त्यानंच बसवलं. पिऊन बसवलं असन."

सगळ्यांनी ते मानलं. वस्तादांचा मार त्यातल्या पुष्कळांनी खाल्ला होता. पहिली काठी त्यांच्या पाठीवर पडली, दुसरी कानावर. कुणीतरी ओंडके उलटवायची पहार उचलली. वस्तादांनी हात वर केले नाहीत, कारण हात सोडले असते तर किसनाचं रक्त सुटलं असतं. ते फक्त खाली वाकले आणि म्हणाले, "मारा. पन आंधी गाडी जुपा. ह्याले दवाखान्यात न्या."

पहार वर गेली. मी पडवीतून धावत गेले आणि त्या माणसाचा हात धरून लोंबकळले. काका माझं नाव घेऊन ओरडले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या मळ्यात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता, म्हणून सगळे थांबले.

"म्या पाह्यलं," मी म्हणाले. "काकानं बसवलं ते. वस्ताद गेल्यावर बसवलं. सोडा त्याह्यले, ते हात सोडू शकत नाहीत!"