न खोडलेली रेघ

"मोजलंस, का मोजल्यासारखं केलंस?" असं विचारून बाई वहीतल्या आकड्यावर बोट ठेवायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत ते उचलायच्या नाहीत. तुम्हीही अशी एखादी शिक्षिका पाहिली असेल. आमच्या बाई नववीला गणित आणि विज्ञान शिकवायच्या. राहायला बारामतीजवळ जळोचीला; तिथून रोज एसटीनं आमच्या लोणी भापकरच्या बाजूला यायच्या.

बारामती म्हटलं की लोकांना कालवा आणि ऊस आठवतो. आमची बाजू कोरडी. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीत दिसेल तेवढं. म्हणून बाईंनी पुस्तक मिटलं आणि ज्याला त्याला घरची विहीर नेमून दिली. सुतळीला वितीवितीवर गाठी, टोकाला दगड. दर सोमवारी शाळेत यायच्या आधी पाणी मोजायचं आणि वर्गात आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचं.

एका पोरीनं चार सोमवारचे आकडे घरी बसूनच लिहिले. टिंबं पट्टीनं आखल्यासारखी सरळ आली. बाई म्हणाल्या, "अगं, पाणी इतकं शिस्तीचं असतं, तर मी त्यालाच मॉनिटर केलं असतं." सगळा वर्ग हसला. ती पोरगी मीच. त्यानंतर मी एकही सोमवार चुकवला नाही.

संक्रांत झाली आणि नवल घडलं. टिंबं वर चढायला लागली. तीन सोमवार सलग पाणी वाढलं. बाईंना कोण आनंद. मोठ्या कागदावर त्यांनी आमच्या शिवाराचा आलेख काढून भिंतीला लावला आणि पुढची रेघ तुटक तुटक वर नेली. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'असंच चाललं तर'. ते वाचायला कोण थांबतं?

पालकसभेला आलेले माझे वडील, आबा, आणि शेजारचे दोघं त्या कागदापुढं उभे राहिले.

"पाणी चढतंय की."

"आन् शाळंनंच लिवलंय."

तिघांनीही एकेक एकर उन्हाळी भुईमूग पेरला.

पुढं आठ-दहा दिवसांनी वर्गात मी सहज बोलून गेले, "बाई, नवी डीपी बसली आन् पाणी परत खाली चाललंय."

"कसली डीपी?"

"जळाली हुती की. तीन आठवडे कुणाचीच मोटर न्हाय चालली."

बाईंचा खडू फळ्यावर तसाच थांबला. विहिरीला नवं पाणी फुटलं नव्हतं. उपसा बंद होता, एवढंच. जळोचीला वीज होती, त्यामुळं बाईंना पत्ता नाही. आणि आम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळणं ही आमच्याकडं बातमी नव्हती.

त्या दिवशी बाईंनी एसटी सोडली आणि माझ्याबरोबर चालत आमच्या वस्तीवर आल्या. आईनं घोंगडी अंथरली, पण त्या बसल्या नाहीत.

"आबा, तो कागद चुकलाय. मी चुकवलाय. विहिरीत पाणी कमी आहे."

आबांनी आधी विहिरीकडं बघितलं. मग म्हणाले, "बाई, मला बी कळाया पायजे हुतं. डीपी मीच बघत हुतो रोज. पर कागद बघितला का माणूस सोताची अक्कल गुंडाळून ठेवतो."

"किती दिवस पुरंल?" आबांनीच पुढं विचारलं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तू सांग. विहीर तुझी आहे."

मी अंगणातच काडीनं मांडलं. विहिरीत अठरा विती पाणी. सगळं रान भिजवलं तर आठवड्याला तीन विती जाणार. सहा आठवडे. अर्धं भिजवलं तर बारा. शेंगा भरायला बारा तरी हवेत. आजवर आबांना मी कधी काही सांगितलं नव्हतं; त्यांनीच सांगायचं आणि मी ऐकायचं.

"बरोबर हाय का हे, बाई?"

"मी तपासलं. बरोबर आहे."

आबा उठले. मेंढरं सोडली आणि उगवून आलेल्या अर्ध्या भुईमुगात घातली. आईनं तोंडाला पदर लावला. बाई बांधावर उभ्या राहून शेवटच्या वाफ्यापर्यंत बघत राहिल्या. मेंढरांना काय, ती आनंदानं चरत होती.

आमचं अर्धं रान पिकलं. शेजारच्या दोघांकडंही बाई गेल्या होत्या, पण त्यांनी ऐकलं नाही. चैत्रात त्यांचा भुईमूग जागेवर वाळला. त्यांतले एक तात्या भर वर्गात आले.

"बाई, आता तुमची ती रेघ शिजवून खाऊ का आमी?"

"चूक माझीच आहे, तात्या," बाई म्हणाल्या. आम्हा पोरांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, कागद काढून टाका. बाईंनी काढला नाही. चढत्या रेघेखाली तांबड्या शाईनं लिहिलं, 'इथे शिकवणारी चुकली.' जूनमध्ये त्यांची इंदापूरकडं बदली झाली. का, ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. हे मी मान वर करूनच सांगते. निकाल घेऊन इंदापूरला बाईंच्या शाळेत गेले. शिपाई म्हणाला, "बाई दिवाळीत वारल्या. तुम्हांस्नी म्हाईत न्हाय व्हय?"

निकालाचा कागद हातात धरून मी फाटकाबाहेर आले. शेजारच्या मळ्यात त्याच शाळेच्या गणवेशातल्या तीन पोरी विहिरीच्या काठावर वही उघडून बसल्या होत्या. सुतळी अजून गुंडाळलेलीच होती.

"मामा," त्यांतल्या एकीनं मळेवाल्याला विचारलं, "या आठवड्यात लाईट किती तास हुती?"

"पाणी मोजाया आलीस का लाईट?"

"आधी हे इचारायचं असतंय," ती म्हणाली. तो बोटांवर मोजेपर्यंत थांबली, त्यानं सांगितलेला आकडा वहीत लिहिला, आणि मग सुतळी हळूहळू आत सोडली.