सातवा महिना आणि माझी तीन बोटं

उजव्या पायाची तीन बोटं मी स्वतःच मोडून घेतली, हे कबूल करायला आता काही वाटत नाही. सत्तरच्या दशकात, तासगावजवळच्या आमच्या गावात, मी मात्र सगळ्यांना बैलानं पाय दिला असंच सांगितलं. खरी गोष्ट अशी की लष्कराच्या लिलावातून घेतलेली माझी जुनी जीप एका थंडीच्या सकाळी सुरू होईना, आणि मी तिच्या बंपरला लाथ घातली. पायात साधी चप्पल होती. पंधरा वर्षं फौजेत डोंगराच्या रस्त्यांवर ट्रक चालवून आलेल्या माणसाची ही अक्कल. बैल बिचारा गरीब होता, पण महिनाभर लोक त्याला मारका म्हणून लांबून जात होते.

त्याच आठवड्यात मला रहिमतपूरला जायचं होतं. माझी एकुलती एक लेक तिथं दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि तिला आणायला माहेरचा माणूस मुराळी म्हणून जायचा, ही आमच्याकडची रीत. सातवा लागला की आणायचं. आठव्यात पोटुशीला प्रवास करू देत नाहीत, आणि नवव्याचा भरवसा कुणी धरत नाही. म्हणजे माझ्या हातात एक महिना होता. मी तिला आधीच लिहून बसलो होतो की तुला न्यायला मी स्वतः जीप घेऊन येतो, सामान बांधून ठेव.

तासगावच्या डॉक्टरनं तिन्ही बोटं चिकटपट्टीनं एकमेकांना बांधली आणि सहा आठवडे पेडल दाबायचं नाही म्हणून बजावलं. बोटांना प्लास्टर घालत नाहीत म्हणे. एवढं शिकून आलेल्या माणसाला पट्टी तेवढी बांधता येत होती. मग तालमीतल्या वस्तादाला बोलावलं, कारण तो हाडं बसवतो असा त्याचा गवगवा होता. त्यानं नेमकं चांगलं बोट धरून ओढलं. मी ओरडलो तेव्हा "बसलं" म्हणाला, वर अंड्याचा आणि आंबेहळदीचा लेप दिला आणि दोन कप चहा पिऊन गेला.

मग गाव बघायला येऊ लागलं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं ते आपल्या घरातली आजारपणं सांगायला. एकाच्या मेव्हण्याचं बोट असंच मोडलं होतं आणि पुढं पाय कापावा लागला होता, हे त्यानं बिस्किटांचा पुडा माझ्या उशाशी ठेवता ठेवता सांगितलं. भावकीतल्या नव्या सुना यायच्या त्या पाया पडायला. बोलायच्या काही नाहीत, थेट वाकायच्या आणि नेमके पट्टीवर हात टेकवायच्या. मी तोंडानं अखंड सौभाग्यवती भव म्हणायचो आणि मनात फौजेतल्या सगळ्या शिव्या आठवायचो.

धाकटा भाऊ शेजारच्या घरात राहायचा. द्राक्षाची बाग आणि ट्रॅक्टर तोच बघायचा. तो एक दिवस येऊन म्हणाला, "दादा, मी जातो की मुराळी. चुलता म्हंजे काय परका हाय? जीप घिऊन जातो, सांजच्याला पोरगी घरात."

"तू ट्रॅक्टर चालवतोस," मी म्हणालो. "त्याला चालवणं म्हनत न्हाईत, रानात आडवंतिडवं फिरणं म्हनत्यात. तू गिअर टाकशील आन पोरगी विट्यातच बाळंत व्हईल."

तो बागेत निघून गेला. खरं तर तो माझ्यापेक्षा सावकाश आणि नीट गाडी चालवायचा. मला ते तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच त्याच्या हातात किल्ली द्यायची नव्हती.

बायको म्हणाली, "आवं, मग तुमी दोघं भाऊ एस्टीनं जावा. विट्याला गाडी बदलायची, दुपारपतुर रहिमतपूर."

मी काठी टेकत, पायाला फडकं गुंडाळून व्याह्याच्या दारात एस्टीतून उतरू? त्या व्याह्याला दोन मजली घर होतं, पेठेत दुकान होतं, पण मोटार नव्हती. लग्नात मी जीप त्याच्या मांडवाच्या तोंडाशी लावली होती आणि गरज नसताना हॉर्न वाजवला होता. माणूस गोड बोलायचा आणि प्रत्येक गोष्ट खोदून विचारायचा. बोटं कशी मोडली, हे त्यानं तिसऱ्या प्रश्नात काढून घेतलं असतं.

"मग पाय मोडलाय म्हनून कळवा तरी," बायको म्हणाली.

तेही मी केलं नाही. कार्डावर लिहिलं, 'सध्या कामाची फार गडबड आहे, सवड झाली की येतो.' बाळंतपणाला आणायच्या लेकीला मी असं लिहिलं, एखाद्या उसाच्या बेण्यासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला लिहावं तसं. लिहून झाल्यावर मला हायसं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं की डॉक्टर मूर्ख आहे आणि पेडल टाचेनं दाबता येतं. घरात कुणी नाही असं बघून जीपमध्ये चढलो. टाचेनं गाडी पुढं जाते, त्यात काही अडचण नाही. थांबवताना मात्र टाच ब्रेकवरून घसरली आणि बोटं खालच्या पत्र्यावर आदळली. जीप जाऊन उकिरड्यात थांबली. भावानं ती ट्रॅक्टरनं ओढून काढली. साखळी सोडवून तो सरळ बागेत गेला, आणि त्याचाही मला राग आला. डॉक्टरनं पुन्हा पहिल्यापासून आठवडे मोजायला सांगितले.

सातवा महिना असा गेला. लेकीचं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं, 'आप्पा, आठवा लागला. इथली मंडळी आता पाठवायचं नाही म्हणतात. तुमचं काम संपलं की या.' बायकोनं ते जावेकडून वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन लुगडी, डिंक आणि खारका पिशवीत भरल्या आणि मला न विचारता एस्टीनं रहिमतपूर गाठलं. जावयाच्या घरी राहून लेकीचं बाळंतपण करायचं, ही आमच्यात आईबापाची नामुष्की. ती तिनं एकटीनं पत्करली. मी भावाकडे जेवत होतो आणि भावजयीच्या आमटीला नावं ठेवत होतो.

नवव्यात आणू म्हणून मी दिवस मोजत राहिलो. नववा लागला आणि चारच दिवसांत मुलगी झाल्याचा निरोप आला. तोवर बोटं जुळली होती. मी जीप धुतली, पुसली, आणि औंधावरून रहिमतपूरला एकटाच गेलो. या खेपेला हॉर्न वाजवला नाही.

व्याह्यानं पाणी दिलं आणि आश्चर्य म्हणजे काहीच विचारलं नाही. बायकोनं मला आतल्या खोलीत बसवून माझ्या मांडीवर नात ठेवली आणि ती चुलीकडे गेली. समोर बाजेवर लेक बसली होती. तिनं माझ्या पायाकडे बघितलं.

"बैलानं पाय दिला म्हनं?"

"व्हय."

"आपला बैल कवा कुनाला पाय देतोय, आप्पा? तुमीच लाथ घातली आसंल कशाला तरी."

मी नातीचं दुपटं सारखं केलं.

"तेच लिहायचं की. मी हसले आसते. काका एस्टीनं आलं आसतं, मी आले आसते. म्हयनाभर रोज सकाळी बोचकं बांधून भायेरच्या सोप्यात बसायची. मोटारीचा आवाज आला की उठायची. सासूबाई म्हनायच्या, आगं ती दुसऱ्याची हाय, खाली बस."

मला लाज वाटली. लोकांना नावं ठेवण्यात उभी हयात गेली होती, पण त्या घडीला माझ्याइतका हलका माणूस मला दुसरा दिसेना. माफी मागणं मला कधी जमलेलं नाही, म्हणून जे जमत होतं ते बोललो.

"जीप भायेर उभी हाय. सव्वा म्हयना झाला की न्यायला येतो."

तिनं माझ्या मांडीवरची मुलगी उचलून घेतली.

"आता कशाला, आप्पा," ती म्हणाली. "ज्यासाठी यायचं हुतं, ते हितंच झालं."