भुजंग मिस्त्रीचं बूच

पिंगळीच्या भुजंग मिस्त्रीने बावीस वर्षं परभणीतले फ्रीज आणि कोल्डरूम दुरुस्त केले, ते एकाच समजुतीवर. गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. ती शोधायची आणि बुजवायची. माणूस हट्टी, पण हाताला यश होतं.

मग जिंतूर रोडच्या डेअरीत मालक दिनकररावांनी कार्बन डायऑक्साइडवर चालणारं मशीन आणलं. सोड्याच्या बाटलीतला गॅस आइस्क्रीम गोठवतो, हेच भुजंगला पटेना. जुन्या मशीनचा दाबाचा काटा तीनशे पौंडांवर गेला की भुजंग मागे सरायचा. इथं तेराशे दाखवूनही मशीन बिनघोर चालायचं. त्यात उन्हाळ्यात दोनदा गॅस कमी झाला. दोन्ही वेळा त्याने सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावला, पण एकही बुडबुडा येईना. गळती नाही, मग गॅस जातो कुठं? जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. दिनकररावांनी बजावलं होतं, तिसऱ्यांदा असं झालं तर हैदराबादचा मिस्त्री येईल आणि कायमचा येईल. भुजंग मनातून पार घाबरला होता.

तिसऱ्यांदा काटा उतरला. तो फेस घेऊन बसला, तेव्हा फरशी पुसणाऱ्या बायनाबाईने विचारलं, “मिस्त्री, खाली काय हुडकायलाव? लाईट गेली की वर पत्र्यावर शिट्टी वाजती की.”

भुजंग यायचा तो लाईट असताना. त्याला शिट्टी ऐकू येणार कशी? सापडली गळती एकदाची, म्हणत तो बूच आणि पाना घेऊन वर चढला. पत्र्यातून वर आलेलं वाफाऱ्याच्या नळीसारखं एक तोंड होतं. काट्यावर नजर ठेवल्याशिवाय तो काही बंद करत नसे, म्हणून बायनाबाईला खाली गॅसच्या टाकीपाशी, काट्यासमोर उभं केलं आणि वाट बघत बसला. दुपारी लाईट नेमाने गेली. मशीन थांबलं, टाकी तापू लागली.

“काटा तांबड्यात गेला, मिस्त्री,” खालून आवाज आला.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बूच लावण्याआधी त्याने काटा किती ते विचारलं. जरा वेळाने बायनाबाई म्हणाली, काटा माघारी आला. भुजंगला काही उमगेना. मग उमगलं, आणि हातातलं बूच घामाने निसटलं.

दिनकररावांना त्याने सांगितलं की गळती नाहीच. लाईट गेल्यावर टाकी फुटू नये म्हणून मशीनच गॅस सोडतं. टाकी गार ठेवणारं छोटं मशीन जनरेटरवर लावायला हवं. दिनकरराव खूश झाले, हैदराबादचं नाव सोडलं. भुजंगने मात्र ते बूच त्यांच्यापुढे ठेवलं.

“मी ते तोंड बंद करणार हुतो, साहेब,” तो म्हणाला. “आन् बायनाबाईला मीच टाकीपाशी उभं केलं हुतं.”