माया किती चमचे?

निंबोळी पेंडीचा वास कडवट, दमट असतो आणि बोटांना दिवसभर चिकटून राहतो. त्या वासाला छेदत लसणाच्या फोडणीतल्या कुळथाच्या पिठीचा दरवळ आला, की मला दिंडोशीची एक चिंचोळी गॅलरी दिसू लागते. रंगाच्या रिकाम्या डब्यांतून उगवलेला गवती चहा, ओवा, सदाफुली. आणि प्रत्येक डब्यावर इस्पितळातल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा. त्यावर निळ्या शाईत झाडाचं नाव, लावल्याचा दिवस आणि शेवटचं खत कधी दिलं ते. या डब्यांमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवून, गाऊनवर ओढणी घेतलेली एक सडपातळ बाई फोन हातभर लांब धरून बसलेली असायची. मालन पेडणेकर. एका सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात सारा जन्म काढून निवृत्त झालेल्या. पण नावाने त्यांना कुणीच हाक मारत नसे. आमच्या ‘गॅलरीतली बाग’ या फोनवरच्या ग्रुपच्या त्या चालक होत्या आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या सगळ्या कुंडीवाल्यांसाठी त्या नुसत्या ‘सिस्टर’ होत्या.

ग्रुपवर येणारा प्रत्येक मजकूर त्या मोठ्याने वाचत. मजकूर गुंतागुंतीचा असला, की तो वाचताना स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करत आणि लिहिणाऱ्याला परत पाठवत. कुणीतरी एकदा टोमॅटोच्या रोपाची कैफियत तीस ओळींत, श्वास घ्यायला कुठेही जागा न ठेवता लिहिली होती. सिस्टरांनी ती लिहिल्याबरहुकूम एका दमात वाचायला घेतली. सातव्या ओळीला आवाज चिरका झाला, दहाव्या ओळीला खोकला आला, आणि मग धापा टाकत त्या म्हणाल्या, “गो बाय, दम लागलो माका. टोमॅटो राहू दे, आधी माझा बीपी बघ. मध्ये कुठे थांबायचं ते सांग, आणि परत पाठव.” तो आवाज ऐकून आम्ही सगळे आपापल्या घरी हसलो असणार. पण त्यानंतर ग्रुपवरची वाक्यं मात्र झपाट्याने आखूड होऊ लागली.

मुलुंडचे गंधेकाका हा त्यांचा लाडका रुग्ण. काका पाच तुकड्यांत लिहीत. ‘नमस्कार.’ मग दहा मिनिटांनी, ‘एक विचारायचं होतं.’ मग, ‘विचारू का?’ सिस्टर उत्तर देत, “काका, बेल वाजवून पळू नका. आत या, बसा, काय ते एकदाच सांगा.” काका दुखावत नसत. कारण ते खरोखर ‘आत’ आले आणि आपल्या लिंबाच्या पानावरच्या नागमोडी रेघांबद्दल एका दमात, सरळ चार वाक्यं लिहिली, तेव्हा सिस्टरांनी त्यांना वर्गात पहिल्या आलेल्या मुलासारखं मिरवलं होतं.

झाडांचं आपल्याला फारसं कळत नाही, हे त्या स्वतःच सांगत. “मी सिस्टर. औषध लिहून देणं माझं काम नव्हे. पण केसपेपर नीट असला ना, की डॉक्टर सापडतो.” त्यांचे प्रश्न ठरलेले असत: कोण, कधीपासून, काय काय दिलं. पानाचा फोटो वरून एक, खालून एक. ‘अर्जंट’ या शब्दावर त्यांचा राग होता. “जो खरा अर्जंट असतो, तो ‘अर्जंट’ म्हणत नाही. त्याला बोलायलाच होत नाही. तुम्ही म्हणताय म्हणजे वेळ आहे. नीट लिहा.”

या बाईंची आणि माझी प्रत्यक्ष गाठ घालून दिली ती एका मरणोन्मुख अनंताने.

तो अनंत आईचा. बोरिवलीच्या घराला गॅलरी आहे, एवढ्याच आनंदात बाबांनी पहिल्याच आठवड्यात हातगाडीवरून आणलेला. बाबा गेले, झाड राहिलं. मे महिन्यात त्याला फुलं आली, की आई खुर्ची गॅलरीत नेऊन नुसती बसून राहते. कुणाशी बोलत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती तीन महिने माझ्या भावाकडे नाशिकला गेली आणि जाताना तिने मला दागिन्यांबद्दल, बँकेबद्दल काही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, “अनंताकडे बघ हं.”

दीड महिन्यातच तो पिवळा पडू लागला. मी घाबरले. आणि घाबरले की मी लिहिते. ग्रुपवर मी एक दीर्घ मजकूर टाकला. त्यात बाबांची हातगाडीवाल्याशी झालेली घासाघीस होती, आईची खुर्ची होती, ‘पाचूच्या पानांनी हिरव्याचा घेतलेला निरोप’ होता, आणि शेवटी ‘मी देता येईल तेवढी माया दिली, तरी आईचा सुगंध माझ्या ओंजळीतून निसटतो आहे’ असं एक वाक्य होतं, जे मला स्वतःलाच फार आवडलं होतं.

अर्ध्या तासात ग्रुप जोडलेल्या हातांनी भरून गेला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘आईंच्या आत्म्यास शांती लाभो.’ गंधेकाकांनी एकाच वेळी, एकाच मजकुरात, संपूर्ण सांत्वन लिहिलं. आणि ग्रुपवरच्याच घाटकोपरच्या शैलामावशीने, म्हणजे आईच्या बालमैत्रिणीने, रडत रडत नाशिकला माझ्या भावाला फोन लावला. फोन आईने उचलला.

पाच मिनिटांत आईचा मला फोन. “काय गं, मी गेले का?”

“आई, अगं…”

“नाही, शैला हुंदके देतेय, आणि मी इथे पोहे खातेय. एकदा काय ते ठरवा. आणि माझा अनंत कसा आहे?”

“आहे,” मी म्हणाले. एवढं तोकडं वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारलं असेन.

दुपारी सिस्टरांचा फोन आला. ओळखदेख काही नाही, सरळ अहो-जाहो सोडून त्या म्हणाल्या, “तुझा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. काय सुंदर लिहितेस गो! आता सांग, झाडाला काय झालंय?”

“लिहिलंय ना त्यात.”

“कुठे? हिरव्याचा निरोप म्हणजे पान पिवळं, असं मी धरते. नवं पान की जुनं? शिरा हिरव्या आहेत की त्याही पिवळ्या?”

मला माहीत नव्हतं.

“बरं. माया दिली म्हणतेस. माया म्हणजे काय? किती चमचे?”

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. मग मला सांगावंच लागलं. शेजारणीने कॅल्शियम चांगलं असं सांगितलं, म्हणून आई गेल्यापासून मी दर रविवारी त्याला वाटीभर चुन्याची निवळी घालत होते. ते मी लिहिलं नव्हतं. चुन्याची निवळी त्या मजकुरात कुठे बसलीच नसती. ओंजळीतल्या सुगंधाशेजारी ती फार ओबडधोबड दिसली असती.

“हे तू गाळलंस?” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “पेशंटने काय खाल्लं, तेवढंच गाळलंस?”

फोन ठेवून मी गॅलरीत गेले आणि त्या झाडासमोर मांडी घालून बसले. मला सांगायला संकोच वाटतो, पण दीड महिन्यात मी त्याच्याकडे प्रथमच पाहत होते. तोवर मी त्याच्या आडून बाबांकडे पाहत होते, आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते. जुनी पानं गडद आणि मेणचट होती. पिवळी होती ती फक्त कोवळी पानं, आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार, जणू कुणी पिवळ्या रेशमावर बारीक दोरा घातलेला. पान बोटांत धरलं तर ते वाळकं नव्हतं. थंड, जिवंत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक पान डबीत घालून दिंडोशीला गेले. सिस्टरांनी ते पाहिलं, कुळथाची पिठी आणि भात पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “जेव, आणि मग लिही.” मी फोनवर लिहीत गेले, त्या मोठ्याने वाचत गेल्या. पहिल्या मसुद्यात ‘कोमल पालवी’ होती. “नवी पानं म्हण.” दुसऱ्यात प्रश्न अगदी शेवटी होता. “वर घे. ज्याला उत्तर माहीत असतं, त्याच्याकडे वेळ नसतो. तो पहिली ओळ वाचतो आणि ठरवतो.” चौथा मसुदा त्यांनी न अडखळता वाचला आणि मान हलवली. तो असा होता:

‘अनंताची नवी पानं पिवळी पडत आहेत, काय करू? शिरा हिरव्या आहेत. जुनी पानं चांगली आहेत.
झाड जुनं, कुंडी मोठी, ऊन सकाळचं.
आठवडाभरापासून असं आहे. त्याआधीपासून दर रविवारी वाटीभर चुन्याची निवळी घालते आहे. दुसरं खत नाही.
काय थांबवू आणि काय देऊ? पानाचे दोन फोटो सोबत.’

तो पाठवून पाच मिनिटं होतात न होतात तोच उत्तर आलं. वर्सोव्याला दामूदादांची छोटी नर्सरी आहे. ते ग्रुपवर फारसे बोलत नसत; हात कायम मातीत आणि वाचायला वेळ लागतो, असं ते म्हणत. त्यांचा आवाज खरखरत आला, “ताई, निवळी आजच बंद करा. अनंताला आंबट माती लागते, तुम्ही चुना घातलात. त्याला लोह मिळेना झालंय. वरची चार बोटं माती काढा, पानांचं कुजलेलं खत घाला. हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, चिमूटभर, लिटरभर पाण्यात, पंधरा दिवसांनी एकदा. जगेल झाड, घाबरू नका.” मग म्हणाले, “आधीचं ते मोठं तुमचंच होतं ना? मला वाटलं कोण वारलं. मी हात जोडले नि पुढे गेलो.”

सिस्टर इतक्या हसल्या, की स्टूल डगमगलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, “बघ, डॉक्टर कालपासून दारात उभा होता. तू त्याला श्रद्धांजलीला बसवलंस!”

निघताना मी विचारलं, “आईला काय सांगू?”

“ग्रुपला सांगितलंस तसंच. आईक काय वेगळा लिवचा?”

सिस्टर आता कुडाळला, भावाच्या घरी राहतात. तिथे अंगण आहे आणि सिग्नल अंगणाच्या एकाच कोपऱ्यात मिळतो, म्हणून सकाळी एकदा त्या कोपऱ्यात उभ्या राहून सगळे मजकूर वाचतात. ग्रुप त्यांनी माझ्या हाती दिला आहे. मला हसू येतं, कारण आता मीच लोकांना विचारते, काय दिलंत, किती दिलंत. त्यांची गॅलरी दुसऱ्या कुणाची झाली. डबे आम्ही आठ जणांनी वाटून घेतले, पट्ट्यांसकट.

आई मात्र त्या कुडाळला जायच्या कितीतरी आधी, माझ्या दिंडोशीच्या फेरीनंतर पाच आठवड्यांनी परत आली होती. अनंताच्या शेंड्याला तोवर नवी पानं फुटली होती, हिरवी आणि ओलसर चमकणारी. पण मधल्या काळातली पिवळी पानं अजून तशीच होती, साक्षीला. तिला नाशिकहून आणताना प्रवासभर मी मनात वाक्यं जुळवत होते, आणि ती सगळी फार देखणी होत होती. काठी टेकत आई थेट गॅलरीत गेली. मी तिच्यामागे उभी राहिले आणि देखणं सगळं बाजूला ठेवून म्हणाले, “आई, अनंत मरायला टेकला होता. मी त्याला दर रविवारी चुन्याची निवळी घातली. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी लपवलं. आता तो सुधारतो आहे.”

आईने एक पिवळं पान हलकेच उलटं करून पाहिलं, मग नव्या पानावरून बोट फिरवलं. शैलामावशीने माझ्या त्या चौथ्या मसुद्याचे शब्द जसेच्या तसे तिला महिन्याभरापूर्वीच वाचून दाखवले होते, हे मला तिचा चेहरा पाहून उमगू लागलं. सगळा महिना ती फोनवर अनंताबद्दल एक शब्दही विचारत नव्हती, ते का, हेही. ती माझ्याकडे वळली. डोळे मिस्कील होते आणि ओले होते.

“माहितीये.”