मधली वाट रिकामी

आमच्या दिग्दर्शकांना सगळं मधोमध लागायचं. दार पडद्याच्या मधोमध, दारात माणूस मधोमध, माणसाच्या हातात नारळ असला तर तोही मधोमध. सेटच्या भिंती मी रंगवायचे. पिस्त्याचा रंग जरा गडद झाला की ते तोंड पाडून बसायचे, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांच्या पहिल्या चित्रपटाला कोल्हापुरात नुसत्या शिट्ट्या पडल्या होत्या. "नाटक हाय का पिच्चर?" असं ओरडत निम्मं पब्लिक मध्यंतरात घरी गेलं. मला मात्र तो जिवापाड आवडला होता. हसता हसता एकदम घसा दाटून आणायची विद्या त्या माणसाकडे होती, आणि ती कुणाला दिसत नाही याचा मला संताप यायचा.

त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाला पैसा लावणारे गृहस्थ गुळाचे व्यापारी. त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं, "पयल्या खेळाला शिट्ट्या पडल्या की रिळांच्या पेट्या उचलायच्या. परत सिनेमाचं नाव काढायचं न्हाय."

त्या चित्रपटात एक दृश्य होतं. म्हातारा गवळी वारलाय आणि त्याच्या म्हशी त्याच्याशिवाय घरी येतात. गंगावेशीतल्या एका म्हशीवाल्या मामांना निरोप धाडला, शूटिंग आहे, म्हशी घेऊन या. मामा दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीला निघावं तसे आले. म्हशी भादरून तेलानं चकचकीत केलेल्या, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मयताचा प्रसंग आणि हा थाट! माझं डोकंच फिरलं.

"अहो मामा, घरात माणूस गेलंय," मी म्हणाले.

"मग? चार लोकांत न्यायची म्हसरं तशीच आनू व्हय?"

दिग्दर्शक म्हशींकडे बघत राहिले. आता शूटिंग मोडणार, असं मी धरूनच चालले होते. पण ते म्हणाले, "राहू द्या. पाडव्यासाठी त्या म्हाताऱ्या गवळ्यानंच नटवल्यात. नटवल्या आणि गेला."

म्हशी दोन रांगांत उभ्या केल्या, मध्ये एका माणसापुरती वाट मोकळी ठेवली. पण त्या कुणाच्या बापाला ऐकेनात. मालकाच्या हाकेशिवाय पाऊल उचलायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी मामांना कॅमेऱ्यामागं उभं केलं. दिग्दर्शकांनी खूण करायला मुद्दाम उशीर लावला. म्हशी टक लावून उभ्या. मग मामांनी हाक घातली आणि त्या सरळ आमच्याकडं चालत आल्या. पडद्यावर ती हाक ठेवायची नाही, हेही दिग्दर्शकांनी तिथंच ठरवलं.

पहिल्या खेळाला मामा माझ्या शेजारी बसले होते. पुढच्या रांगेत दिग्दर्शक आणि व्यापारी. लोक सुरुवातीपासूनच चुळबुळत होते. म्हशींचं दृश्य आलं. नटलेल्या म्हशी उभ्या, मधली वाट रिकामी, आवाज काही नाही.

"मशीन बंद पडलं काय रं?" मागून कुणीतरी ओरडलं. एक शिट्टी आली, पाठोपाठ दुसरी. व्यापारी उठले आणि दाराकडं निघाले. दिग्दर्शकांची मान खाली गेली. उठून त्या शिट्टीवाल्याच्या कानाखाली द्यावी असं मला वाटलं.

तेवढ्यात शेजारून मामांनी हाक घातली. रोज संध्याकाळी घालायचे तशीच, भसाड्या आवाजात, सगळ्या थेटरात घुमेल अशी. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. पडद्यावर म्हशींनी माना वर केल्या आणि त्या चालू लागल्या.

शिट्ट्या थांबल्या. त्या थेटरात निम्म्या लोकांच्या घरी गोठा होता. कुणी हसलं नाही. व्यापारी दाराजवळच्या खुर्चीवर बसले ते बसलेच. म्हशी पुढं येत राहिल्या, कुणाला तरी शोधत आल्यासारख्या, आणि पडदा त्यांच्या डोळ्यांनी भरून गेला.

मामा पुढं वाकले. हळूच म्हणाले, "हितं हाय की गं मी."